मोरजीचं फाटक: गॅस की बिनगॅस?

[दृश्य: मोरजी, पेडणे तालुका. एप्रिलमधली दुपार. अंगणाचं लोखंडी फाटक, खालची बिजागरी गंजून सुटलेली.]

समुद्र या अंगणातून दिसत नाही, पण दुपार कलली की त्याचा वारा रोज इथवर येतो. फाटकाची बिजागरी त्या खाऱ्या हवेनंच खाल्ली. घरच्या काकांनी यंदा ठरवलंय की वेल्डरच्या मागे फिरायचं नाही. वेल्डिंगचं छोटं मशीन आणायचं आणि हात स्वतः बसवायचा.

दुकानात मशीन एकच दाखवतात. खरा प्रश्न त्यात घालायच्या तारेचा. भरीव तार घेतली तर जोडीला गॅसचा सिलिंडर हवा. वर्कशॉपमध्ये याला सगळे सीओटू वेल्डिंग म्हणतात. दुसरी फ्लक्स कोर तार. ती पोकळ असते, पोटात भुकटी भरलेली. तार पेटली की भुकटीतून वायू निघतो आणि रसावर स्लॅगची खपली धरते.

दोन्हींचा उद्देश वितळलेल्या लोखंडाला हवा लागू न देण्याचा. हवा शिरली की रसात बुडबुडे अडकतात आणि सांधा अनारशासारखा जाळीदार होतो. वरून ठीक दिसला तरी आत जोर नसतो.

[दृश्य: माडाच्या झावळ्या हलताना.]

आता या झावळ्या बघा. ताशी 8 किलोमीटरचा वारा म्हणजे अंगाला जेमतेम जाणवणारी झुळूक. तेवढ्यानंही गॅसचं आवरण विस्कटतं. फाटक खांबात पक्कं बसलेलं, उचलून आत नेता येत नाही. म्हणून इथे माझा कौल फ्लक्स कोरलाच. घरात काम करणाऱ्यांनाही एक सांगतो: मे महिन्यात घामाच्या धारा लागतात म्हणून टेबलफॅन कामाकडे वळवला, तर तोही गॅस उडवून नेतो.

तार घेताना वेष्टन नीट वाचा. फ्लक्स कोरमध्येही बाहेरून गॅस लागणारी एक जात आहे. ई71टी-11 किंवा ई71टी-जीएस लिहिलेली तार बिनगॅसची. ई71टी-1 ला मात्र गॅस लागतोच. एका आकड्याच्या फरकानं पूर्ण रीळ वाया जातं.

[दृश्य: मशीनचं दार उघडलेलं, आतले दोन टर्मिनल.]

इथे जरा थांबू या, कारण नवशिक्यांचं सगळ्यात जास्त काम इथेच बिघडतं. भरीव तारेला गन, म्हणजे जिच्या तोंडातून तार बाहेर येते ती, पॉझिटिव्हवर असते. या बिनगॅस तारेला गन निगेटिव्हवर आणि लोखंडाला लावायचा अर्थचा क्लॅम्प पॉझिटिव्हवर हवा. तार बदलली आणि हे बदलायचं राहिलं, की शिंतोडे भरमसाट उडतात आणि सांधा नीट भिनत नाही. मग माणूस तारेला दोष देतो, नाहीतर स्वतःच्या हाताला. पोकळ तार चेपू नये म्हणून तिला दातेरी रोलर लावतात, आणि गन पुढे न ढकलता आपल्याकडे ओढत आणतात.

मग गॅस कशाला? पातळ कामाला. खिडकीच्या ग्रिलची चौकोनी नळी, 1.2 मिलिमीटर जाडीची, फ्लक्स कोरनं पटकन भोक पडून जाते. तिथे 0.8 मिलिमीटरची भरीव तार आणि गॅस असला की सांधा स्वच्छ येतो, खपली काढायचं कामच नाही. 1948 साली ही पद्धत आली तेव्हा तिचा भर ॲल्युमिनियमवर होता आणि महागडा निष्क्रिय वायू लागायचा. 1953 च्या सुमारास कार्बन डायऑक्साइड वापरात आला आणि साध्या लोखंडासाठी ती परवडू लागली. आर्गन मिसळलेला गॅस घेतला तर शिंतोडे आणखी कमी. पण हिशेब करा. 10 लिटरच्या सिलिंडरमध्ये 150 बार दाबाला साधारण 1500 लिटर वायू मावतो. मिनिटाला 12 लिटर सोडला तर सलग दोन तासांत संपला. वर्षातून दोनदा मशीन काढणाऱ्यानं सिलिंडर सांभाळत बसावं, असं मला वाटत नाही.

[दृश्य: चिपिंग हॅमरनं खपली उडताना.]

फ्लक्स कोरला धूर जास्त, म्हणून उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ न करता थोडं आडवं उभं राहायचं. नाहीतर धूर तोंडासमोरच घोटाळतो. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला पाइप असेल तर सांध्याजवळचा जस्ताचा थर आधी ग्राइंडरनं काढा. जस्ताचा धूर छातीत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. दूध-गूळ घेतल्यानं तो टळत नाही. हे मनापासून सांगतोय, कारण कामाच्या घाईत हीच गोष्ट पुढे ढकलली जाते.

खपली पूर्ण काढा, वायर ब्रश मारा. स्लॅगवरच रंग दिला तर पावसात तो पापुद्र्यानं सुटतो आणि गंज नेमका सांध्यावर धरतो. उरलेलं रीळ मशीनमध्ये ठेवू नका. आपल्या दमट हवेत भुकटी ओल धरते आणि पुढच्या खेपेला सांध्यात छिद्रं येतात. घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

[दृश्य: काका फाटक उघडून-मिटून बघतात.]

बिजागरी बसली. पहिला सांधा वाकडा आला होता, तो काकांनी घासून पुन्हा मारला. आज रेड ऑक्साइड प्रायमरचा एक हात झालाय. वरचे रंगाचे दोन हात मे संपायच्या आत द्यायचे आहेत, जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस दारात असतो.