एका घरातल्या वेगळ्या वाटा

श्रोतेहो, नमस्कार. पैठणजवळचं आपेगाव हे निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव आणि मुक्ताबाईंचं मूळ गाव. एका आईची चार लेकरं, पण समाध्या पाहा: त्र्यंबकेश्वर, आळंदी, सासवड आणि तापीकाठचं मेहूण. तेव्हा आपल्या मराठवाड्यात तरी भावंडांच्या वाटा वेगळ्या निघाल्या म्हणून कुणी दचकू नये.

आज एखाद्या घरात दादा माळकरी असतो आणि ताई विपश्यना या ध्यानपद्धतीचं १० दिवसांचं शिबिर करून आलेली असते. दिवेलागणीला दादा टाळ घेऊन हरिपाठाला बसतो. २७ अभंग, साधारण अर्धा तास. नेमकी तीच वेळ ताईच्या तासभराच्या ध्यानाची, आणि भांडण तिथंच पेटतं. उपाय सोपा आहे. ताईनं हरिपाठ संपल्यावर बसावं, पण जेवणाआधी. भरल्या पोटी डुलकी लागते. सकाळची ध्यानाची बैठक घर जागं व्हायच्या आत उरकावी.

दादानंही शिबिर म्हणजे काय ते समजून घ्यावं. पहाटे ४ला घंटा, दिवसाकाठी १० तासांच्या आसपास बैठक, मोबाइल जमा, दहाव्या दिवसापर्यंत मौन. पहिले तीन दिवस नुसता नाकपुडीपाशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा, खरी विपश्यना, म्हणजे अंगभरच्या संवेदना शांतपणे पाहणं, चौथ्या दिवशी. गुडघे ठणकतात, जुनी दुखणी मनात वर येतात, पळून जावंसं वाटतं. असं माणूस घरी आल्यावर दोन दिवस गप्प राहिलं, तर ते रुसलेलं नसतं. ताईनं मात्र लगेच सगळ्यांना ध्यानाला बसवायचा हट्ट धरू नये. माझ्या मते, घरं त्यानंच जास्त बिघडतात.

आणि तिसरं भावंड? त्याला टाळही नको, ध्यानही नको. ते मानसोपचाराच्या गोळ्या घेतं. तीही वाटच आहे. त्याला "मन घट्ट कर" म्हणू नका. शिबिरासाठी किंवा वारीसाठी डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करू नका, आणि शिबिराच्या अर्जात आजार लपवू नका.

ज्ञानदेव ताटी लावून बसले, तेव्हा मुक्ताई बाहेरून विनवत राहिली, असं परंपरा सांगते. तुमचा भाऊ दार लावून बसला, तर तुम्हीही दाराशी बसा, हळू बोला. दोन आठवडे झोप-जेवण उडालं असेल, तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जिवाचं बरं-वाईट करण्याची भाषा आली, तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, आणि तिथं मराठीत बोलता येतं.