तापाची रांग आणि मनाचं दुखणं

[समोर टेबल. त्यावर आरोग्य केंद्राचा जुना केसपेपर आणि अबोलीचा एक वळेसर, म्हणजे गजरा.]

नमस्कार. आज मानसिक आजारांच्या उपचाराबद्दल बोलायचंय, पण सुरुवात या अबोलीपासून करते.

गोव्यातल्या डिचोलीच्या आमच्या घरामागे आईने लावलेली अबोली आहे. संध्याकाळी परसात जायचं, ओंजळभर फुलं काढायची आणि पायरीवर बसून वळेसर करायचा, हा तिचा कित्येक वर्षांचा नेम. बाबा गेले आणि ती फुलं काढेनाशी झाली. फुलं झाडावरच सुकायला लागली. मी आणि माझा भाऊ रोज त्या झाडांजवळून ये-जा करत होतो, पण आमच्या ते लक्षात आलं नाही. आई सांगायची ती दुखणी वेगळीच होती. पाठ दुखते. डोकं जड झालंय. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. भात घशाखाली उतरत नाही. 'मला उदास वाटतं' असं ती एकदाही म्हणाली नाही.

मग आम्ही पाठीचा एक्स-रे काढला, रक्त तपासलं, थायरॉइड बघितलं, कॅल्शियमच्या गोळ्या चालू केल्या. आठ महिन्यांत चार डॉक्टर झाले. दिवस कसा जातो, हे कुणीच तिला विचारलं नाही. आम्ही मुलांनीही नाही.

दरवर्षी १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो. त्याच्या आगेमागे होणारी तज्ज्ञांची व्याख्यानं मी आता जमतील तेवढी ऐकते. त्यांत एक शब्द हमखास येतो, 'ट्रीटमेंट गॅप'. म्हणजे आजारी आहेत किती आणि उपचार मिळतात कितीजणांना, यातली दरी. २०१५-१६ मध्ये बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. गोवा त्यात नव्हता. शंभर प्रौढांमागे साधारण दहा-अकराजणांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि आजार कुठला त्याप्रमाणे ७० ते ९२ टक्के लोक उपचाराविना होते. ही दरी कशामुळे, असं विचारलं की पहिलं उत्तर येतं, डॉक्टर कमी आहेत. ते खरंच आहे. आपल्या देशात लाखभर लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा नाही.

पण माझ्या आईचा विचार करा. डॉक्टर तिच्यापासून दूर नव्हते, चार-चार डॉक्टरांनी तिला तपासलं होतं. आणि गोव्यात मनोरुग्णांसाठी मोठी सरकारी संस्था आहे, बांबोळीला, गोमेकॉच्या म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या शेजारीच. तिथे उत्तम काम चालतं. तरी आई तिथवर पोचली नाही, कारण बांबोळीची वाट फार लांबची आहे. वाळपईहून किंवा काणकोणहून येणाऱ्याला दोन बस बदलाव्या लागतात, त्या दिवसाची मजुरी बुडते, हे झालंच. पण त्याहून जड आहे ते गावाचं नाव. 'याला बांबोळीला न्यायला हवं' हे वाक्य आपल्याकडे शिवीसारखं वापरतात. लहानपणी मीही वापरलंय. आणि आपला गोवा एवढासा. बसमध्ये शेजारी बसलेली बाई तुमच्या मावशीच्या नणंदेच्या ओळखीची निघते. म्हणून कितीतरी घरं आजारी माणसाला गुपचूप बेळगावला किंवा कोल्हापूरला नेतात आणि महिन्याच्या त्या फेऱ्या झेपेनाशा झाल्या की गोळ्या सोडून देतात.

यावर 'कलंक पुसला पाहिजे' असं व्यासपीठावरून सांगितलं जातं. मला ते पटतं, पण भाषणांनी तो पुसला जाईल तेव्हा जाईल. आज आजारी असलेल्या बाईने तोवर थांबायचं का? मला वाटतं, तिला उपचार मिळायला हवेत ते तापाच्याच रांगेत. गावच्या आरोग्य केंद्रात, खोकला, मधुमेह, जखमेची पट्टी घेऊन आलेल्या माणसांमध्ये. तिथे तुम्ही कशासाठी बसलात हे कुणाला कळत नाही आणि कुणी विचारतही नाही.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. हा प्रयोग इथेच, गोव्यात झालाय.

१९९६ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात 'संगाथ' ही संस्था सुरू केली. या संस्थेने 'मानस' नावाचा एक मोठा अभ्यास हाती घेतला आणि २०१० मध्ये तो 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. २४ दवाखाने निवडले, १२ सरकारी आरोग्य केंद्रं आणि १२ खासगी. त्यांतल्या निम्म्यांत एक-एक समुपदेशक नेमली. ती डॉक्टर नव्हती, नर्सही नव्हती. इथल्याच भागातली, सुमारे दोन महिने प्रशिक्षण घेतलेली. केंद्रावर आलेल्या माणसांना ठरावीक प्रश्न विचारायचे, नैराश्य किंवा चिंतेचा आजार दिसला तर नीट समजावून सांगायचं, आधार द्यायचा, गरज असेल तिथे डॉक्टरांकडून औषध सुरू करून घ्यायचं आणि पुढे पाठपुरावा करायचा, हे तिचं काम. अवघड रुग्णांसाठी मानसोपचारतज्ज्ञ मागे उभे होतेच.

सहा महिन्यांनी सरकारी केंद्रांमधले आकडे बघितले. समुपदेशक होती तिथे अशा आजाराचे शंभरातले सुमारे ६६ रुग्ण बरे झाले होते, आणि नव्हती तिथे सुमारे ४२. खासगी दवाखान्यांत मात्र फारसा फरक दिसला नाही. हेही सांगायलाच हवं, नाहीतर अर्धवट माहिती दिल्यासारखं होईल.

त्यानंतर २०१७ मध्ये दोन अभ्यास आले, तेही गोव्यातल्याच आरोग्य केंद्रांमधले. त्यांतला एक तीव्र नैराश्यावर होता. सहा ते आठ भेटी, समुपदेशक पुन्हा साधंच माणूस. दुसरा घातक प्रमाणात दारू पिणाऱ्या पुरुषांसाठी. तिथे फायदा त्या मानाने कमी होता, पण होता.

नैराश्याच्या त्या भेटींत करतात काय, हे जरा सविस्तर सांगते, कारण 'नुसतं बोलून काय होणार' हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. मन खचलं की माणूस एकेक काम सोडतो. काम सोडलं की त्यातून मिळणारं थोडंसं समाधानही जातं. त्याने मन आणखी खचतं, आणि मग माणूस पुढचं काम सोडतो. हे चक्र उलटं फिरवायचं असतं. 'आधी मन बरं होऊ दे, मग करीन' असं नाही. आधी एक छोटं काम, मन मागाहून येतं. ते काम कुठलं, हे समुपदेशकाने सांगायचं नसतं, ते त्या माणसाच्याच आयुष्यातून शोधायचं असतं.

आईचं असंच झालं. नवव्या महिन्यात ताप आला म्हणून ती आरोग्य केंद्रात गेली. तिथल्या तरुण डॉक्टर मुलीने नाडी बघता बघता विचारलं, "मावशी, सकाळी उठल्यावर दिवस कसा वाटतो?" आई तिथेच रडायला लागली. मी शेजारच्या स्टुलावर होते. ठरलेल्या दिवशी येणाऱ्या समुपदेशक बाईंकडे तिला पाठवलं. त्यांनी 'डिप्रेशन' हा शब्द पहिल्या दिवशी काढलाच नाही. आईचाच शब्द वापरला, 'टेन्शन'. घरात कोंकणी आणि वाचायला मराठी, अशी आमची आई. त्या बाई कोंकणीतून बोलल्या म्हणून आई बोलली. मग त्यांनी विचारलं, पूर्वी संध्याकाळी काय करायचात? आणि सांगितलं, उद्या पाच फुलं काढा. वळेसर नको, पाचच फुलं.

[वळेसर हातात घेते.]

त्या पाच फुलांची वाटी तीन दिवस तशीच ओट्यावर होती. चौथ्या दिवशी तिने दोरा मागितला.

आईला गोळ्याही होत्या, आणि त्यांच्याबद्दल एक गोष्ट प्रत्येक घरात माहीत असायलाच हवी. नैराश्यावरच्या गोळ्यांचा त्रास, म्हणजे मळमळ, बेचैनी, पहिल्या आठवड्यातच जाणवू शकतो. गुण मात्र दोन ते चार आठवड्यांनी यायला लागतो. मधल्या त्या पंधरवड्यात माणसं गोळ्या टाकून देतात. आईनेही टाकल्या होत्या. समुपदेशक बाईंचा फोन आला, "मावशी, गोळी घेतली?" म्हणून त्या पुन्हा सुरू झाल्या. बरं वाटल्यावरही सहा-नऊ महिने तरी चालू ठेवायच्या असतात आणि बंद करायच्या त्या डॉक्टरांना विचारून, हळूहळू. आम्ही गोळ्या संपायची तारीख कालनिर्णयावर लाल पेनाने लिहून ठेवायचो.

कायदाही आपल्या बाजूने आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळणं हा त्यानुसार हक्क आहे. इतर आजारांप्रमाणे मानसिक आजारालाही आरोग्य विम्याचं संरक्षण द्यायला हवं, असं तो सांगतो. रुग्णाला साखळीने बांधून ठेवायला त्यात बंदी आहे. आणि कुणी जीव द्यायचा प्रयत्न केला, तर तो माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा नाही, सरकारने त्याची काळजी घ्यायची. पोलिसांच्या भीतीने त्याला दवाखान्यात न्यायला उशीर करू नका. कृपा करून.

तज्ज्ञांपुढचा आजचा सगळ्यात मोठा प्रश्न मला हा दिसतो. पाठपुरावा करणाऱ्या माणसाने गुण येतो हे गोव्याने जगाला दाखवलं. पण अभ्यासाचा निधी संपला की तो अभ्यास संपतो. कायमचं पद, दर महिन्याला पगार, वर देखरेख करणारा तज्ज्ञ, हे सगळं प्रत्येक केंद्रात असायला हवं, आणि ते सरकारी अंदाजपत्रकातून येतं. तुमच्या भागातला आमदार गटाराचं आणि रस्त्याचं ऐकून घेतो ना? मग त्याला हेही विचारा. आपल्या केंद्रात समुपदेशक कुठल्या दिवशी बसते? नसेल बसत, तर का नाही?

आणि आज रात्रीच कुणाला बोलायची गरज असेल, तर १४४१६ हा क्रमांक लिहून घ्या. टेलि-मानस, केंद्र सरकारची सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. दिवसरात्र, फुकट. फोन लागला की आधी भाषा निवडायला सांगतात. मराठी आहे. सुरुवात कशी करायची सुचत नसेल तर नुसतं 'झोप येत नाही' एवढं म्हणा, पुढचं ते विचारतात.