व्हॉल्व्ह तापेपर्यंत

(दृश्य : टेबलावर १०० वॅटचा बल्ब, शेजारी मागचा पुठ्ठा काढलेला रेडिओ)

रेडिओकडे नंतर बघू. आधी या बल्बवर नजर ठेवा.

पन्नास-साठ वर्षांचा सेट कधीच सरळ प्लगमध्ये घालायचा नसतो. आधी तो बल्बच्या सिरीजमध्ये लावायचा, म्हणजे वीज बल्बमधून होऊनच सेटमध्ये जाते. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटून राहतो आणि ट्रान्सफॉर्मर जळायचा वाचतो. हा उजळला... आणि मंद झाला. म्हणजे पुढचं काम करायला हरकत नाही.

कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर. खाली लेथ चालतात, पंपाच्या मोटारींचं रिवाइंडिंग चालतं. वरच्या खोलीत रविवारी सकाळी ही मंडळी जमतात. एक निवृत्त वायरमन, ज्यांना सगळे काका म्हणतात. एक बँकेतले, एक मोटार वाइंडिंगवाले आणि पॉलिटेक्निकचा एक मुलगा. पोटापाण्याचा धंदा म्हणून इथं कुणीच येत नाही. माळ्यावर पडलेले, भंगाराच्या गाड्यावरून उतरवून घेतलेले मर्फी, बुश, फिलिप्सचे रेडिओ इथं येतात.

(दृश्य : खोक्यावरचा मातकट पट्टा)

हा पट्टा २०१९ च्या पुराचा आहे. त्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३ फूट.

चॅसी, म्हणजे रेडिओचा आतला पत्र्याचा सांगाडा, उलटी केली की सगळी मांडणी समोर येते. छापील सर्किट बोर्ड नाही. एका टॅगवरून दुसऱ्या टॅगवर, हातानं डाग देऊन जोडलेल्या वायरी. कुठला भाग कुठे जातो ते डोळ्यांनी दिसतं, बोटानं मागोवा घेता येतो. हा सेट बनवणाऱ्यानं तो कधीतरी उघडला जाणार हे धरूनच बनवलाय.

पहिला संशय या छोट्या, मेणाचा थर दिलेल्या कागदी कंडेन्सरवर. व्हॉल्व्ह म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काळातली, सिग्नल मोठा करणारी काचेची नळी. आधीच्या व्हॉल्व्हचा आवाज हा कंडेन्सर पुढच्या ईएल-८४ च्या, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या व्हॉल्व्हच्या, ग्रिडपर्यंत (आतल्या नियंत्रक जाळीपर्यंत) पोचवतो आणि मागचं चढं डीसी व्होल्टेज अडवतो. वय झालं की तो गळायला लागतो. मग ग्रिडवर शून्याऐवजी काही व्होल्ट पॉझिटिव्ह चढतात, ईएल-८४ वाजवीपेक्षा जास्त करंट ओढतो, लाल होतो आणि जाताना स्पीकरला जोडणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मरही घेऊन जातो. किरकोळ किमतीच्या एका पार्टपायी अख्खा सेट. म्हणून काका सेट वाजतोय का हे बघायच्याही आधी हा कंडेन्सर बदलतात.

काम करताना त्यांचा एक हात खिशात असतो. चॅसीत अडीचशे व्होल्ट डीसी खेळतात, आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सर चार्ज धरून बसतो. दोन्ही हात आत असले तर करंटला छातीतून वाट मिळते.

(दृश्य : वाइंडिंग मशीन, जवळून)

या सेटचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर मात्र आधीच गेलेला. पुराचं पाणी आत मुरलं, तांब्यावर हिरवा ठिपका आला आणि तिथंच तार तुटली. बाजारात तो मिळत नाही. पण उद्यमनगरात वाइंडिंगवाल्याला हे सांगायला लागत नाही. जुना उलगडायचा, वेढे मोजायचे, केसासारखी तार पुन्हा तेवढ्याच वेढ्यांनी भरायची, दर थरामध्ये कागद द्यायचा.

हरवलेलं बटण खाली लेथवर नायलॉनच्या रॉडमधून निघालं. याच गावात १९१८ च्या सुमाराला बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला. परदेशी यंत्र खोलायचं, समजून घ्यायचं आणि इथल्या लेथवर उभं करायचं, ही इथली जुनी रीत आहे.

(दृश्य : हिरवा मॅजिक आय, म्हणजे स्टेशन नीट लागलं का ते दाखवणारा दिवा. निवेदन थांबते. रेडिओ लागतो.)

आता ऐकायचं काय? एकेकाळी डायल फिरवली की आकाशवाणी सांगली. मिडियम वेव्हवरची केंद्रं आता एकेक करून कमी होतायत. म्हणून पुष्कळ ठिकाणी आतलं सगळं उपसून काढतात, ब्लूटूथचा बोर्ड बसवतात आणि रेडिओ म्हणून विकतात. ते सुतारकाम झालं. गरजच नाही त्याची. बऱ्याच व्हॉल्व्हच्या सेटला मागं ग्रामोफोनसाठी दोन छिद्रं असतातच. मोबाईल तिथंच जोडायचा, मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालून; तो आवाज जाऊ देतो, पण दोन्हीकडचा थेट विजेचा जोड तोडतो. तो चुकवायचा नाही. काही सेटमध्ये मेनचा ट्रान्सफॉर्मरच नसतो, चॅसी थेट मेनला जोडलेली असते. पण सेटमधली एकही वायर कापावी लागत नाही, आणि आवाज त्याच व्हॉल्व्हमधून येतो.

(दृश्य : टीव्हीच्या कडेनं पळणारे निळे-पिवळे पट्टे)

पॉलिटेक्निकच्या मुलाचं टेबल. सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम, १९८२ चा ब्रिटिश घरगुती कॉम्प्युटर, ४८ के मेमरी. प्रोग्राम कॅसेटवरून यायचा. इथं कॅसेटचा तोच किरकिरा आवाज मोबाईल वाजवतोय आणि पट्टे दिसतायत, म्हणजे प्रोग्राम आत जातोय. व्हिडिओची वायर त्यानं मॉड्युलेटर, म्हणजे टीव्हीच्या अँटेनासाठी सिग्नल बनवणारी डबी, वगळून थेट बाहेर घेतलीय, आणि काढलेला जोड परत देता येईल असा ठेवलाय. या मेमरीतल्या पहिल्या १६ के च्या चिपना तीन व्होल्टेज लागतात : अधिक बारा, अधिक पाच, उणे पाच. उणे पाच गेलं की चिपा जळतात. म्हणून चिपा घालण्याआधी तिन्ही मोजायची. सिरीज बल्बचीच ही शिस्त, दुसऱ्या टेबलावर.

यातलं काही भंगारात गेलं की किलोवर जातं, तांबं निघतं, बाकीचं कचऱ्यात.

तुमच्या माळ्यावर असा सेट असेल तर मागचा पुठ्ठा फेकू नका. पुष्कळदा त्यावर किंवा खोक्याच्या आत चिकटवलेल्या कागदावर व्हॉल्व्हचे नंबर आणि जागा असतात. व्हॉल्व्ह काढून ठेवायचे असतील तर आधी कुठला कुठे होता त्याचा फोटो काढा. आणि तुटलेली बटणंसुद्धा जपून ठेवा, लेथवाल्याला माप घ्यायला तेवढी पुरतात.