बाजाराची वाट
श्रोतेहो, नमस्कार.

धान कापून झालं की गडचिरोलीच्या आतल्या भागात आठवडी बाजाराची वाट गजबजते. पहाटेचं धुकं, डोक्यावर टोपली, काखेत पाय बांधलेली कोंबडी. दोन-तीन तास चालून बाया येतात आणि मीठ, तेल, मिरची घेऊन दिवस मावळायच्या आत परततात. या जिल्ह्याचं नियोजन करणाऱ्यानं आधी या वाटेनं एकदा चालावं, असं मला मनापासून वाटतं.

26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा. 2011 च्या जनगणनेत इथे चौरस किलोमीटरला 74 माणसं भरली. राज्याची सरासरी होती 365. आता निकष बघा. सपाट भागात 30 हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आदिवासी आणि डोंगराळ भागात 20 हजारांमागे. सवलत दिली, हे खरं. पण 74 च्या हिशेबानं 20 हजार माणसं भरायला 270 चौरस किलोमीटर मुलूख लागतो. म्हणजे केंद्र अगदी मधोमध धरलं, तरी कडेचं गाव नऊ किलोमीटरवर. मध्ये जंगल, मध्ये नाले. भामरागडला पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी चढलं की रस्ता बंद, हे तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं सोसलं आहे. नऊ किलोमीटर अंतर आषाढात नऊ किलोमीटर राहतं का?

हे ओळखून केलेलं एक काम आहे, माहेरघर. बाळंतपणाच्या काही दिवस आधीच बाई आरोग्य केंद्राजवळ येऊन राहते. कळा सुरू झाल्यावर नाला ओलांडायची वेळच येत नाही.

शेतीत असं का होऊ नये? माझ्या ओळखीतल्या एका शेतकऱ्यानं भाड्याच्या ट्रॅक्टरनं धान खरेदी केंद्रावर नेलं. तिथे बारदाना, म्हणजे धान भरून घ्यायची रिकामी पोती, नव्हता. दोन रात्री तो थंडीत आपल्या धानाशेजारी झोपला, भाडं वर चढलं ते वेगळंच. दहा-वीस गावांना सोयीची जागा लोकांनी केव्हाच ठरवलेली आहे, ती म्हणजे बाजाराचं गाव. धानाचं गोदाम, बँकेचा माणूस, जनावरांचा डॉक्टर, दाखले देणारा तलाठी त्याच गावी, त्याच दिवशी भेटले, तर माणसाचा आठवड्यातला एक अख्खा दिवस वाचेल. चार खेपांची एक खेप होईल.

तुमच्या ग्रामसभेत विकास आराखडा वाचला जाईल, तेव्हा उभे राहा आणि विचारा: कोणता नाला पावसाळ्यात किती दिवस अडवतो, पलीकडे कोणती गावं राहतात, हे यात आहे का? नसेल तर तिथेच लिहून घ्यायला लावा.

नमस्कार.