हांसीचा जहाजी राजा

आजच्या विषयात ‘जमाबंदी’, म्हणजे मुलखाचा सारा ठरवण्या-वसुलण्याची व्यवस्था, हा शब्द असूनही एवढ्या खुर्च्या भरल्या, याचं श्रेय मी बाहेरच्या पावसाला देतो. (हशा) जमाबंदीवर मी येणार आहे, सुटका नाही. पण आधी माणूस सांगतो.

जॉर्ज थॉमस. आयर्लंडमधल्या टिपेररीचा, जन्म १७५६च्या सुमाराचा. १७८१-८२च्या सुमारास इंग्रजी लढाऊ जहाजावरून मद्रासला आला आणि जहाज सोडून पळाला. जहाजावर कुणी म्हणतं क्वार्टरमास्टर होता, कुणी म्हणतं साधा खलाशी. काही का असेना, लढाऊ जहाजावरच्या माणसाला तोफ भरता येते आणि डागता येते, आणि तेवढ्या विद्येवर तेव्हा हिंदुस्थानात कुठेही चाकरी मिळे. दक्षिणेत पाळेगारांकडे, म्हणजे तिथल्या छोट्या सरदारांकडे, काही वर्षं काढून, निजामाच्या तोफखान्यातून हा गडी १७८७मध्ये दिल्लीकडे बेगम समरूच्या, म्हणजे स्वतःच्या पलटणी बाळगणाऱ्या सरधन्याच्या जहागीरदारणीच्या, पदरी पोचला. पुढच्याच वर्षी गोकुळगढच्या वेढ्यात बादशहा शाह आलमची छावणी उधळत होती, ती बेगमेच्या पलटणींनी आणि थॉमसच्या तोफांनी सावरली.

त्याच्यावरचा माझा लेख एका दिवाळी अंकानं साभार परत केला होता. कारण काय, तर ‘यात मराठी माणूस कुठे आहे?’ अहो, सगळीकडे आहे! बेगमेशी बिनसल्यावर याला आसरा दिला आप्पा खंडेरावांनी, शिंद्यांच्या सरदारानं. आप्पांनी त्याला मुलगा मानलं. मुलगा मानलं आणि मुलग्यासारखंच वागवलं, म्हणजे पगार दिला नाही. (हशा) पगाराऐवजी मेवातातले तिजारा, तापुकडा, फिरोजपूर हे परगणे लावून दिले. कागदावर. परगणे मेवात्यांच्या ताब्यात. थॉमस तिथे गेला, तर पहिल्याच रात्री मेवात्यांनी त्याच्या छावणीच्या मधोमध बांधलेला घोडा पळवला.

पुढे झज्जरजवळ त्यानं किल्ला बांधला, जॉर्जगढ. लोकांनी त्याचं जहाजगढ केलं, आजही गावाचं नाव तेच आहे. १७९७मध्ये आजाराला कंटाळून आप्पांनी यमुनेत जीव दिला आणि थॉमस हरियाणातल्या हांसीला स्वतःचं राज्य मांडून बसला. तोफा ओतल्या, बंदुकीची दारू केली, स्वतःचा रुपया पाडला. लढाईत मेलेल्यांच्या बायकामुलांना अर्धा पगार लावला. हांसी म्हणजे कोरडा मुलूख, आणि तिथे बसून या गृहस्थाचा बेत काय? फिरोजपूरला, पंजाबातल्या, सतलजकाठी होड्या बांधायच्या, फौज घालायची आणि काठचा मुलूख जिंकत खाली जायचं. पुढे अटकेवर झेंडा लावायचा, आणि तोही ब्रिटिश. आपल्या सभेत हे हळू सांगायला हवं. (हशा)

आता स्किनरनं, म्हणजे शिंद्यांच्या फौजेतल्या तेव्हाच्या एका अधिकाऱ्यानं, सांगितलेली गोष्ट. ती वगळून मी घरी जाणार नाही. १८०१च्या अखेरीस हांसी पडली. घेणारी फौज शिंद्यांची, सेनापती बुर्कँ नावाचा फ्रेंच. त्यानं हरलेल्या थॉमसला जेवायला बोलावलं. थॉमसचं पिण्याशी फार सख्य होतं, सप्टेंबरात जहाजगढच्या लढाईनंतरही हल्ला करायचा सोडून तो बाटली घेऊन बसला होता म्हणतात. जेवणात बुर्कँनं पेरोंच्या विजयाचा प्याला उचलला. पेरों म्हणजे शिंद्यांचा उत्तरेतला सरसेनापती, तोही फ्रेंच. थॉमसच्या डोळ्यांत पाणी आलं, मग तलवार बाहेर आली. स्किनर वगैरे मंडळींनी कसंबसं शांत केलं. रात्री परतताना वेशीवर पहारेकऱ्यानं हटकलं, कोण आहे? ‘साहिब बहादूर.’ सगळ्या मुलखात त्याला याच नावानं ओळखत. पहारेकरी म्हणाला, हुकमाशिवाय सोडता येणार नाही. महिन्यापूर्वी साहिब बहादूरला अडवायची कुणाची छाती होती? थॉमसनं तलवार चालवली आणि त्या बिचाऱ्याचा उजवा हात तोडला. सकाळी शुद्धीवर आल्यावर त्याला बोलावून पाचशे रुपये दिले. हातवाल्याचं म्हणणं कुणी लिहून ठेवलेलं नाही.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं? पाच. बरं, जमाबंदी पाच मिनिटांत.

मुद्दा असा. थॉमसला राजा आपल्या पद्धतीनं केलं. पगार थकला की मुलूख लावून द्यायचा, तोही हातात नसलेला. मग ज्याची पलटण वसूल करील त्याचाच तो मुलूख होतो, त्यात त्याची बेइमानी शोधण्यात अर्थ नाही. महादजींच्या हयातीत ते निभावलं, कारण तोल सांभाळणारा माणूस तिथे होता. १७९४मध्ये ते वानवडीला वारले, त्यांचे वारस दौलतराव पुण्यातच अडकले, आणि उत्तर पेरोंकडे आली. गंगा-यमुनेमधल्या दुआबाचा वसूल पलटणींच्या खर्चासाठी त्याच्याच हातात. म्हणजे तीच व्यवस्था, शंभरपट मोठी. थॉमसला त्यानं नोकरी देऊ केली, थॉमसनं फ्रेंचाच्या हाताखाली जायला नकार दिला, आणि शिंद्यांच्याच फौजेनं त्याचं राज्य संपवलं. सप्टेंबर १८०३मध्ये अलीगढ इंग्रजांपुढे पडलं आणि त्याच महिन्यात पेरों इंग्रजांच्या आश्रयाला गेला. शीख सरदारांकडची बाजू राहिली, शिंद्यांचेच सरदार लखबादादा, त्यांच्याविरुद्ध दुसरे सरदार अंबाजी इंगळ्यांनी थॉमसलाच भाड्यानं घेतलं तेही राहिलं.

थॉमस कलकत्त्याकडे निघाला होता. वाटेत त्यानं फ्रँकलिन नावाच्या कॅप्टनला आपली हकिकत सांगितली. फारसीत सांगू का, असंही विचारलं, कारण इंग्रजीपेक्षा तीच सोपी जाऊ लागली होती. २२ ऑगस्ट १८०२ला बहरामपूरला तो वारला. बायकामुलं बेगम समरूनं सांभाळली. बेगमेवर बोलायचं तर मला वेगळी तारीख द्या, आणि तेव्हा चिठ्ठी पाठवू नका.