मेहर माफ करायच्या आधी

नमस्कार, आदाब. सोलापूरच्या माझ्या आपा, खाला, ताई, मावश्या, हातातलं काम थांबवू नका, बिड्या वळत असाल तर वळत वळत ऐका, पण आज जरा कान देऊन ऐका. आज मेहरवर बोलायचंय, म्हणजे निकाहात नवरा बायकोला द्यायचं कबूल करतो ती रक्कम.

माझे खालू, म्हणजे खालाचे, मावशीचे नवरे, वारले तेव्हा मी अकरावीत होते. जनाजा उचलायची घाई चाललेली आणि दोघी-तिघी म्हाताऱ्या बायका माझ्या खालाच्या कानाशी लागल्या, "मेहर बख्श दे बेटी, मय्यत पे बोझ रहता." ती बिचारी रडत रडत हो म्हणाली, आपण काय सोडतोय हेपण तिला कळलं नसेल. वर्षभरात दिरांनी घराची वाटणी काढली, तेव्हा खाला मेहरचा म सुद्धा बोलू शकली नाही, सगळ्यांसमोर माफ केलं होतंस ना म्हणाले. मला अजून तो दिवस आठवला की राग येतो.

कारण बघा, मेहर हे नवऱ्याच्या डोक्यावरचं कर्ज असतं. तो गेला की त्याच्या मालमत्तेतून आधी कफन-दफनचा खर्च, मग कर्ज फेडायचं, त्यात बायकोचं मेहर आलं, आणि त्यानंतर वारसांचे हिस्से. मूलबाळ असेल तर बायकोला आठवा हिस्सा, नसेल तर चौथा, तो मेहर सोडून वेगळा. लोक दोन्ही एकात घोळतात आणि बाईला दोन्हीकडनं कमी पडतं. आणि माफीचं म्हणाल तर सूरह निसाच्या चौथ्या आयतीतच आहे, बायकांना त्यांचं मेहर खुशीनं द्या, त्यांनी आपल्या मर्जीनं त्यातलं काही सोडलं तरच घ्या. समोर मय्यत ठेवून विचारल्यावर मर्जी कुठनं येणार हो? अशा दुःखात घेतलेली माफी बाईवर बांधील नाही असं कोर्टानंपण धरलंय.

निकाहात नगद की उधार विचारतात. नगद म्हणजे बायको मागेल तेव्हा द्यायचं, उधार म्हणजे तलाक झाला किंवा नवरा गेला की द्यायचं. आपल्याकडं हॉल कुठला, बिर्याणी किती देग यावर महिनाभर बोलणी आणि मेहरवर दोन मिनिटं, ७८६ रुपये लिहून मोकळे. मेहर-ए-फातिमी, म्हणजे पैगंबरांच्या लेकीचं, बीबी फातिमांचं मेहर, ५०० दिरहम धरतात, म्हणजे साधारण दीड किलो चांदी, आजच्या भावानं करा की हिशोब.

खुला, म्हणजे बायकोनं मागून घेतलेली फारकत, तो घेतानापण तेच होतं. नवरा घरात पैसा देत नाही, मारतो, वर म्हणतो मेहर सोड मग खुला देतो, आणि माहेरचेपण थकून म्हणतात सोड बाई, सुटका तरी होईल. थांबा जरा, सही करू नका. १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यानं, नवऱ्यानं २ वर्षं खर्चपाणी दिलं नाही, ४ वर्षं त्याचा पत्ता नाही, किंवा तो क्रूरपणे वागतो, तर बाई स्वतः कोर्टातनं निकाह तोडून मागू शकते, आणि त्यानं मेहरचा हक्क जात नाही.

इद्दतीच्या, म्हणजे तलाकनंतर बाईनं थांबायच्या मुदतीच्या, तीन महिन्यांचा खर्च दिला की नवरा मोकळा, असं अजून कितीतरी जण सांगतात. ते खरं नाही. तलाक झालेल्या मुस्लिम बायकांच्या हक्कांसाठी केलेल्या १९८६ च्या कायद्याचा अर्थ लावताना सुप्रीम कोर्टानं २००१ मध्ये डॅनियल लतीफी खटल्यात सांगितलं की रक्कम इद्दतीच्या आत द्यायची, पण तरतूद तिच्या पुढच्या आयुष्याची करायची. मेहर आणि माहेरनं दिलेले दागिने, सामानपण त्याच कायद्यानं परत मागता येतं. आणि जुलै २०२४ मध्ये कोर्टानं परत स्पष्ट केलं, तलाक झालेली मुस्लिम बाईपण बाकी बायकांसारखा पोटगीचा अर्ज करू शकते, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२५ कलम, नव्या कायद्यात ते १४४ झालंय.

अजून एक, बिड्या वळून, शिलाई करून तुम्ही जे कमावता ते शरियतीतपण तुमचंच आहे, आणि बायको कमावते म्हणून नवऱ्याची खर्चाची जबाबदारी संपत नाही.

आज घरी निकाहनामा काढा. नसेल तर काझीसाहेबांकडनं नक्कल मागा, मेहरचा आकडा बघा, दोन झेरॉक्स काढा, एक आईकडं ठेवा. वकिलाला पैसे नसतील तर कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडं जा, बाईला तिथं वकील फुकट मिळतो, कमाई किती हे बघत नाहीत. फोन करायचा तर नंबर लिहून घ्या, १५१००. परत सांगते, एक, पाच, एक, शून्य, शून्य.