शटर पडायला लागली की

(दृश्य: मेन रोड, संध्याकाळ. सुरुवातीला निवेदन नाही, फक्त रस्त्याचा आवाज.)

हा आवाज जुन्या नाशकात वाढलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. दहीपुलाकडं एक शटर खाली येतं. मग त्याला लागून असलेलं. मग समोरच्या ओळीतलं. खडखडाट मेन रोडनं पुढं सरकत जातो. रविवार कारंजावर उभ्या असलेल्या माणसाला काय झालंय ते अजून माहीत नसतं, पण आता घरी निघायचं एवढं कळलेलं असतं.

त्या आवाजानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांबद्दल ही फिल्म आहे.

कुठं तरी पोलिसांची गोळी सुटते. माणूस जातो. बातमी पसरते, लोक रस्त्यावर येतात, चिडतात. त्या चिडण्याला कारण असतं. ज्या घरातला माणूस गेला, त्या घराला नुसतं 'शांत राहा' म्हणणं फार तोकडं आहे आणि आम्ही ते म्हणणार नाही. आम्हाला बोलायचंय ते आजूबाजूच्यांशी. दुकानातल्या कामगाराशी, क्लासवरून सुटलेल्या मुलीशी, सीबीएस बस स्थानकावर गाडीची वाट बघत बसलेल्या आजींशी. आणि मोर्चात आपणहून गेलेल्यांशीसुद्धा, कारण रात्री घरी त्यांचीही वाट बघणारं कुणी तरी असतं.

आपल्या जिल्ह्याला हे नवं नाही. 1980 च्या नोव्हेंबरमध्ये ऊस आणि कांद्याच्या भावासाठी शेतकरी रुळांवर बसले, तेव्हा निफाड तालुक्यातल्या खेरवाडीला पोलिसांच्या गोळीबारात दोन शेतकरी गेले. 2001 च्या ऑक्टोबरमध्ये मालेगावात गोळीबार झाला. आणि 11 जुलै 1997 तर अख्ख्या महाराष्ट्राच्या लक्षात आहे. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, वस्ती रस्त्यावर आली आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा माणसं गेली. घटना मुंबईतली, पण पडसाद राज्यभर उमटले. गोळी एका गावात सुटते आणि शटर दुसऱ्या गावात पडतात, हे आपण तेव्हा पाहिलं.

(दृश्य: कॅमेरा भद्रकालीच्या बोळांतून चालतो.)

अशा वेळी सगळ्यात जास्त धोका कुणाला असतो? आम्ही हा प्रश्न घेऊन फिरलो. बहुतेक जण म्हणाले, दगड मारणाऱ्याला. तिळभांडेश्वर लेनजवळ शिवणकाम करणारे एक काका मात्र मशीनवरची मान वर न करता म्हणाले, "बघ्याला. दगड मारणाऱ्याला पळायचं कुठून ते ठाऊक असतं. बघ्या मोबाईल वर धरून उभा असतो."

काकांचं म्हणणं आम्हाला पटलं. पटायला दूरचा एक दाखलाही आहे. 4 ऑगस्ट 2011 ला लंडनच्या टॉटनहॅम भागात पोलिसांच्या गोळीनं एक तरुण गेला. दोन दिवसांनी घरचे आणि वस्तीतले लोक पोलीस ठाण्यासमोर जाऊन उत्तर मागत उभे राहिले. ताटकळत राहिले. अंधार पडल्यावर जाळपोळ सुरू झाली आणि पुढच्या काही रात्रींत ती इंग्लंडच्या इतर शहरांत पोचली. त्या दंगलींत पाच जण गेले. त्यातले तिघं बर्मिंगहॅममध्ये आपल्या भागातली दुकानं राखायला रस्त्यावर उभे होते, त्यांना भरधाव गाडीनं उडवलं. एक 68 वर्षांचे गृहस्थ ईलिंगमध्ये पेटलेली कचराकुंडी विझवायला गेले आणि मारहाणीत गेले. दुकान राखणं काय किंवा आग विझवणं काय, दोन्ही चांगलीच कामं. पण चिडलेल्या गर्दीसमोर एकट्यादुकट्यानं करायची ती कामं नव्हेत. दुकान विम्यातून परत उभं राहतं. तुमच्या दुकानाच्या विम्यात दंगलीचं नुकसान धरलंय का, तेवढं मात्र आजच पॉलिसी काढून बघा. गाडीचंही तेच. फक्त थर्ड पार्टी असेल तर जळालेल्या स्कूटरचे पैसे मिळत नाहीत, पॅकेज पॉलिसीत दंगल धरलेली असते.

(दृश्य: वड्याची गाडी. कढई जवळून.)

शालिमारच्या बाजूला वड्याची गाडी लावणाऱ्या एका दादांना आम्ही विचारलं, शटर पडायला लागली की तुम्ही काय करता? तुम्हाला तर शटरच नाही.

त्यांनी तोंडानं उत्तर न देता करून दाखवलं. आधी हात खाली गेला, सिलिंडरच्या रेग्युलेटरकडं. खटका बंद. मग बर्नरचं बटण. मग कढईवर पत्र्याचं झाकण, आणि झाकणावर उलटी ठेवलेली जड परात. कढईत पाच-सहा लिटर तेल असतं, ते ओतता येत नाही आणि उचलूनही नेता येत नाही. म्हणून ते झाकून, गाडी भिंतीला लावून, चाकाला दगड लावून ते निघतात. गल्ला? "गल्ला खिशात मावतो तेवढा. चिल्लर राहू द्यायची." हे सगळं त्यांनी मिनिटभरात केलं. दोनदा केलं, कारण पहिल्यांदा आमचा कॅमेरा मागं पडला.

उकळतं तेल भरगर्दीत सोडून पळालेला माणूस स्वतः वाचेल, पण धक्का लागून ती कढई कुणाच्या अंगावर जाईल. दादांनी एवढा विचार करून ठेवला होता.

तुम्ही दुचाकीवर असाल तर गर्दीतून वाट काढत हॉर्न वाजवत जाऊ नका. वळा. वळता येत नसेल तर गाडी कडेला लावा, किल्ली घ्या आणि चालायला लागा. गाडीच्या मोहापायी माणूस अडकतो. चालताना गर्दीच्या उलट दिशेनं घुसायचं नाही. तिरकं, कडेकडेनं सरकत पहिल्या रुंद रस्त्याला बाहेर पडायचं. माहीत नसलेल्या बोळात शिरू नका. जुन्या गावात काही बोळ पलीकडे निघतात आणि काही वाड्याच्या भिंतीशी संपतात. आणि पुलावर अडकू नका. होळकर पुलावर दोन्ही बाजूंनी माणसं आली तर मधल्याला जायला जागा उरत नाही.

गर्दीत चेंगरायची वेळ आली तर काय होतं, ते नाशिकनं एकदा पाहिलंय. 27 ऑगस्ट 2003, सिंहस्थाचं शाही स्नान, काळाराम मंदिराच्या बाजूचा उतार. एकोणचाळीस भाविक गेले. तिथं दंगल नव्हती, गोळी नव्हती. अरुंद रस्ता आणि मागून येणारा रेटा एवढंच पुरलं. चेंगराचेंगरीत माणूस बहुतेक वेळा श्वास कोंडून जातो. म्हणून दोन्ही हात कोपरात मुडपून छातीसमोर धरायचे, बरगड्यांना हलायला जागा ठेवायची. पायातली चप्पल निघाली तर वाकायचं नाही. पडलातच तर कुशीवर व्हा, डोकं हातांत घ्या आणि पहिली संधी मिळताच उठा.

(दृश्य: सराफ बाजारातून नदीकडं उतरणारा रस्ता.)

हा उतार बघा. अश्रुधुराचा वायू हवेपेक्षा जड असतो, तो खाली बसतो, उतारावरून घरंगळतो. त्यामुळं घाबरून गोदेच्या दिशेनं खाली पळण्यापेक्षा चढाकडं, आणि वारा ज्या बाजूनं येतोय त्या बाजूला जाणं बरं. नळकांडं रस्त्यावर पडलेलं दिसलं तर हात लावू नका, ते तापलेलं असतं. डोळे चोळू नका. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर स्वच्छ हातानं काढून टाका. मग पाणी. साधं, स्वच्छ, भरपूर पाणी, दहा-पंधरा मिनिटं. आपल्याकडं कुणी तरी हमखास सांगतं, कांदा फोडून हुंगा. कांद्याच्या जिल्ह्यात ते सांगितलं जाणारच. पण भरवसा पाण्यावर ठेवा. घरी गेल्यावर कपडे दाराशीच उतरवा आणि साबण लावून आंघोळ करा. दमेकऱ्याला खोकला थांबत नसेल, लहान मुलाचा श्वास लागत असेल तर वाट बघत बसू नका. 108 ला फोन करा.

आता भोंग्याबद्दल. जमाव पांगवण्याआधी पोलीस भोंग्यावरून इशारा देतात: हा जमाव बेकायदा आहे, पांगा. पाच किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर तसा हुकूम देता येतो, आणि हुकूम झाल्यावरही थांबून राहणं हा गुन्हा आहे. त्यानंतर लाठी येते, अश्रुधूर येतो आणि अगदी शेवटी गोळी. आम्ही भेटेल त्या प्रत्येकाला हेच परत परत सांगतो: भोंगा ऐकू आला की तुमच्याकडचा वेळ संपत आलाय. लांबून सगळ्यांची डोकी सारखीच दिसतात. गर्दीच्या शेवटच्या ओळीत नुसता बघत उभा असलेला मुलगा लाठीला वेगळा दिसत नाही आणि गोळीला तर नाहीच.

हे जगभर असंच आहे. 27 जून 2023 ला पॅरिसजवळ नांतेरमध्ये वाहतूक तपासणीत पोलिसाच्या गोळीनं सतरा वर्षांचा मुलगा गेला, तेव्हा देशभर रात्री नऊनंतर बस आणि ट्राम बंद ठेवायची वेळ आली. आपल्याकडं सिटीलिंकच्या बस थांबल्या, एसटी डेपोतून गाड्या सुटेनाशा झाल्या, तर नाशिकरोडहून किंवा सातपूरहून शिफ्ट सुटलेला माणूस घरी कसा जाणार? याचं उत्तर दुपारीच शोधून ठेवायला हवं. अंधार पडायच्या आत निघा. नाहीच जमलं तर मधल्या भागातल्या एखाद्या नातेवाइकाकडं रात्र काढा. मावशीकडं एक मुक्काम झाला तर काही बिघडत नाही.

घर रस्त्यालगत असेल तर गॅलरीत जाऊ नका, आणि मुलांना तर मुळीच जाऊ देऊ नका. वाड्यांमध्ये माजघर असायचं, घराच्या पोटात, रस्त्याकडं एकही खिडकी नसलेलं. फ्लॅटमध्येही अशी जागा सापडते. बाहेरच्या भिंतीपासून जितक्या भिंती आत जाल तितकं चांगलं. गोळीचा आवाज आला तर आधी आडवे व्हा.

आणि मोबाईल.

ऑक्टोबर 2016. त्र्यंबकजवळच्या तळेगावात एका लहान मुलीवर अत्याचाराचा प्रयत्न झाला. संताप होणारच होता. पण त्या संतापात एक खोटी बातमी मिसळली, की ती मुलगी गेली. मोबाईलवरून ती गावोगाव फिरली, एसटी बस जळल्या आणि जिल्ह्यात इंटरनेट काही दिवस बंद ठेवलं गेलं. एप्रिल 2025 मध्ये काठे गल्लीच्या बाजूला रात्री दगडफेक झाली, अश्रुधूर सोडावा लागला, वीसवर पोलीस जखमी झाले. तेव्हाही अफवांनी भर घातली. म्हणून तुमच्याकडं आलेला व्हिडिओ कुठला आहे, कधीचा आहे हे ठाऊक नसेल तर तो पुढं पाठवू नका. अगदी 'सगळ्यांनी काळजी घ्या' असं लिहूनसुद्धा नाही. काळजीपोटी पुढं गेलेली अफवा तितकंच जाळते.

2016 मध्ये नेट बंद झालं तेव्हा मला कळलं, की माझ्या आईचा नंबर मला पाठ नाही. व्हॉट्सॲप कॉल लागत नव्हता आणि माझा फोन बॅटरी संपून पडला होता. शेजारच्या दुकानदारानं स्वतःचा फोन पुढं केला, आणि मी तो हातात धरून नुसती उभी राहिले. दहा आकडे आठवेनात. आई घरी दारात उभी होती, हे मला नंतर कळलं.

(दृश्य: पोलीस व्हॅन, रिकामा चौक. आवाज नाही.)

दोन शब्द लोक एकच समजतात. जमावबंदी म्हणजे पाच किंवा जास्त जणांनी एकत्र यायचं नाही. एकट्यानं दूध आणायला जाता येतं. संचारबंदी म्हणजे बाहेर पडायचंच नाही, सवलत असेल तेवढीच. 1 जुलै 2024 पासून हे आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली निघतात. लोकांच्या तोंडी अजून जुन्या कायद्यातलं कलम 144 च आहे. दवाखान्यात जायचं असेल तर कागद सोबत ठेवा आणि 112 ला आधी विचारा.

शहर निवलं असं वाटल्यावरही एक-दोन दिवस राखून ठेवा. अंत्ययात्रेचा दिवस. आणि निकालाचा. अमेरिकेत फर्ग्युसनला ऑगस्ट 2014 मध्ये गोळीबार झाला, पण पोलिसावर खटला होणार नाही असं नोव्हेंबरमध्ये जाहीर झालं आणि गाव पुन्हा पेटलं. लोक उत्तराची वाट बघत असतात. आपल्याकडं त्या उत्तराची वाट सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये, महाराष्ट्राशी संबंधित खटल्यातच, आखून दिली आहे: चकमकीत माणूस गेला तर गुन्हा नोंदवायचा, तपास सीआयडीनं किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकानं करायचा, आणि दंडाधिकारी चौकशी व्हायची. रमाबाई नगरच्या गोळीबारात पोलीस अधिकाऱ्याला सत्र न्यायालयानं दोषी ठरवलं ते 2009 मध्ये. बारा वर्षांनी. इतकी वाट बघणाऱ्या माणसांना रस्त्यावर यावंसं वाटतं, हे आम्हाला समजतं. म्हणून जे जाणार आहेत त्यांना एवढंच: एकटे जाऊ नका, कुठं भेटायचं ते आधी ठरवा, वकिलाचा नंबर हातावर पेनानं लिहा.

(दृश्य: सकाळ. वड्याची गाडी.)

निघताना वड्याच्या गाडीवाल्या दादांनी आम्हाला गाडीच्या पत्र्याचं दार उघडून दाखवलं. आतल्या बाजूला, तेलाच्या वाफेनं पिवळ्या पडलेल्या पत्र्यावर, काळ्या मार्करनं चार नंबर लिहिले होते. बायकोचा, मुलीच्या शाळेतल्या बाईंचा, घरमालकाचा. चौथा समोरच्या चप्पलवाल्याचा. पुसट झाले की ते दर दिवाळीला परत गिरवतात.